टोटल लॉस क्लेम: आठ महिन्यांनंतरचा अनुभव (गोवा, २०२४-२५)

गाडी जानेवारी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली. पॉलिसी साधी पॅकेज, म्हणजे झिरो डेप (दुरुस्तीत भागांच्या जुनेपणाची कपात न होण्याची सोय) नाही आणि रिटर्न टू इन्व्हॉइसही (बिलावरची किंमत मिळण्याची सोय) नाही. जानेवारी २०२४ मध्ये रिन्यू केली तेव्हा आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ५,०४,००० होता. एक्स-शोरूम किंमत ८,४०,०००, त्यातून चौथ्या वर्षाची ४० टक्के घट वजा. त्या वेळी एजंटने सुचवलं होतं की आयडीव्ही ४,३०,००० वर आणा, हजार-बाराशे रुपये प्रीमियम वाचेल. आमचे हे नाही म्हणाले. त्या एका नकाराने आमचे किती वाचले ते आज मला नेमकं सांगता येतं: ७४,००० रुपये.

अपघात ५ सप्टेंबर २०२४ चा, गुरुवारचा. शनिवारी गणेश चवथ होती. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं घेऊन मी आणि बाबा म्हापशाहून साखळीला परतत होतो. मुळगावच्या अलीकडे पावसात रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली दिसली. त्यांना चुकवताना गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. बाबांचा खांदा दुखावला, मला खरचटलं, बाकी देवाची कृपा. एअरबॅग फुटल्यावर आत पांढरी भुकटी पसरते हे मला माहीत नव्हतं. मला तो धूर वाटला, गाडी पेटते आहे असं वाटून मी बाबांना ओढूनच बाहेर काढलं. नंतर पाहिलं तर मागच्या सीटवरचे आंबाडे, तोरंजन, कवंडळं सगळी त्या भुकटीने पांढरी झाली होती.

पोलिसांना कळवलं, पंचनामा झाला, त्याच रात्री कंपनीला फोन केला. या भागात माझी काही तक्रार नाही, फोनवरची मुलगी नीट बोलली, क्लेम नंबर दहा मिनिटांत आला. क्रेनचे मात्र साडेसहा हजार गेले आणि साध्या पॉलिसीत टोइंगचे फक्त १,५०० मिळतात. हे आधी कळलं असतं तर गाडी लांबच्या वर्कशॉपला नेण्यापूर्वी विचार केला असता.

खरी लढाई पुढे सुरू झाली, आणि ती तीन आकड्यांवर झाली.

पहिला आकडा ३,७८,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरतात. ५,०४,००० चे ७५ टक्के म्हणजे ३,७८,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट ४,३६,००० चं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरनी (नुकसान तपासून आकडा ठरवणाऱ्यांनी) धरले ३,५२,०००. पुढच्या चॅसी मेंबरला (गाडीच्या मुख्य चौकटीच्या भागाला) त्यांनी 'बदला'ऐवजी 'दुरुस्त करा' लिहिलं होतं, स्टिअरिंग कॉलम यादीतून काढून टाकला होता आणि लेबर कापलं होतं. म्हणजे गाडी रेषेच्या खाली आली आणि क्लेम दुरुस्तीचा झाला. दुरुस्तीच्या क्लेममध्ये घसारा (भाग जुने झाल्याची कपात) लागतो: प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. माझ्या हातात येणार होते २,४६,००० आणि खिशातून जाणार होते लाखाच्या वर, तेही चॅसी ठोकून सरळ केलेल्या गाडीसाठी. बाबांना त्या गाडीत परत बसवायची माझी हिंमत नव्हती.

मी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. शाखेत आधी 'ती आतली बाब असते' असं उत्तर मिळालं. तसं नाही. पॉलिसीधारकाने मागितली तर प्रत मिळायला हवी. मी ईमेल केला, चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. तो हातात आला नसता तर चॅसी मेंबरच्या ओळीत काय लिहिलंय हे मला कधीच कळलं नसतं. मग वर्कशॉपच्या सुपरवायझरना भेटले. ते म्हणाले, "ताई, मेंबर वळलाय तिथेच वेल्डची जोडणी आहे. हा भाग आम्ही सरळ करून देत नाही, बदलूनच देतो." मी विनंती केली, हेच लेटरहेडवर लिहून द्या. त्यांनी दिलं. शिवाय गाडी थोडी खोलून बघितली तेव्हा गिअरबॉक्सच्या केसिंगला तडा सापडला आणि एस्टिमेट ४,७१,००० वर गेलं.

ही दोन्ही कागदपत्रं जोडून मी पुन्हा तपासणी मागितली. २४ ऑक्टोबरला सर्व्हेअर पुन्हा आले. सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता हे मला लिहायलाच हवं. खाली वाकून, बॅटरी धरून त्यांनी तो तडा स्वतः पाहिला आणि म्हणाले, "बाई, पहिल्या दिवशी गाडी खोललेली नव्हती, मला हे दिसलं नाही." सुधारित आकडा ३,९६,००० झाला. गाडी टोटल लॉस ठरली.

दुसरा आकडा ४,१०,०००. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शाखेतून फोन आला: "मॅडम, या मॉडेलला आज बाजारात सव्वाचारच्या वर कोणी देत नाही. चार-दहावर मिटवू, पैसे आठवड्यात." बोलणारा सभ्य होता, घाई मलाही होती, बँकेचा हप्ता चालूच होता. क्षणभर मी हो म्हणणार होते. पण पॉलिसीचं पुस्तक टेबलावर होतं. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की टोटल लॉसच्या क्लेमसाठी पूर्ण पॉलिसी काळात आयडीव्ही हाच बाजारभाव धरायचा, आणखी घसारा लावायचा नाही. जुन्या गाड्यांच्या साइटवरचा भाव इथे लागूच होत नाही. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही ४,१०,००० का देताय ते कलमासकट मेलवर लिहून पाठवा." तो मेल आलाच नाही. पुढच्या फोनवर आकडा ५,०३,००० झाला होता, म्हणजे आयडीव्हीतून सक्तीच्या वजावटीचे १,००० कमी. हे १,००० योग्य आहेत, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ते कापतातच.

तिसरा आकडा १,६०,०००. तो मात्र मला कोणी आधी समजावून सांगितला नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहिते. ५,०३,००० पूर्ण कंपनी देत नाही. कंपनी सांगाड्यासाठी, म्हणजे मोडलेल्या गाडीसाठी, भंगारवाल्यांकडून भाव मागवते. सांगाड्याचा भाव भंगारवाला तुम्हाला देतो आणि उरलेली रक्कम कंपनी देते. दोन्ही मिळून बेरीज ५,०३,००० व्हायला हवी. माझ्या पत्रात सांगाड्याची किंमत १,६०,००० धरली होती आणि कंपनीचे ३,४३,०००. त्याच पत्रात खाली अट होती की आरटीओतून आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) रद्द करून आणा. मी त्या भंगारवाल्याला फोन केला. तो मराठीत नीट बोलला: "एक साठ कागदासकट. आरसी रद्द असेल तर एक पंधरा."

इथे ४५,००० हवेत जाणार होते. कंपनीने वजावट कागदासकटच्या भावाने केली होती आणि आरसी मात्र रद्द करायला सांगत होती. आरसी रद्द करायला माझी ना नव्हती, उलट मला ती रद्दच करायची होती. सांगाड्याबरोबर चांगले कागद गेले की तोच चॅसी नंबर चोरीच्या गाडीवर बसू शकतो, आणि उद्या पोलीस माझ्या दारात येणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने आरटीओला कळवायचीच असते. मग वजावटही कागदाविना भावाने, १,१५,००० च व्हायला हवी.

शाखा ऐकेना. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं, दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही, म्हणून विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. मजकूर दहा ओळींचा: दोन भाव, आरसीची अट, फरक ४५,०००. विमा लोकपालाकडे जायचीही तयारी केली होती. तिथे फी नाही, वकील चालत नाही, स्वतःच मांडायचं असतं. तिथवर जावं लागलं नाही. १२ डिसेंबरला सुधारित पत्र आलं: कंपनी ३,८८,०००, सांगाडा १,१५,०००.

मधे एकदा मला डिस्चार्ज व्हाउचर (एवढ्या रकमेवर क्लेम मिटला असं लिहून देण्याचा कागद) रकमेची जागा कोरी ठेवून सहीला पाठवलं होतं. मी सही केली नाही. आकडा लिहून पाठवा, मग करते, एवढंच कळवलं. ते त्याच संध्याकाळी आकडा भरून आलं.

पैसे २१ जानेवारीला आले. कंपनीच्या ३,८८,००० मधले १,१८,००० थेट बँकेला गेले, कारण कर्ज बाकी होतं. उरलेले २,७०,००० माझ्या खात्यात, भंगारवाल्याचे १,१५,००० वेगळे. बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचा ना-हरकत दाखला) मागून घ्यावी लागते, ती आपोआप येत नाही. वर्कशॉपने पार्किंगचं भाडं लावलं होतं. उशीर माझ्यामुळे नव्हता हे तारखांसकट दाखवल्यावर त्यांनी निम्मं सोडलं.

पॉलिसी म्हणून विचाराल तर मी पाचपैकी तीन देईन. रक्कम शेवटी पूर्ण मिळाली, त्यासाठी दोन. फोनवरच्या मदतीसाठी एक. दोन कापले कारण प्रत्येक टप्प्यावर पहिला आकडा चुकीचा होता आणि प्रत्येक वेळी तो माझ्याच विरुद्ध चुकलेला होता. मी शाळेत शिकवते, मला बेरीज-वजाबाकीची सवय आहे. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलाने गेल्या वर्षी अशाच प्रकरणात पहिलाच आकडा घेतला होता. त्याचं पत्र मी आता वाचलं, त्यातही वजावट कागदासकटच्या भावाची आहे. मला ते वाचून फार वाईट वाटलं.

नवीन गाडी फेब्रुवारीत घेतली. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ३५ टक्क्यांवर होता, तो शून्यावर आला. या वेळी रिटर्न टू इन्व्हॉइस घेतलं आहे, आणि टोइंगची मर्यादा वाढवणारी रोडसाइडची सोयही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेअरचा रिपोर्ट नेमणुकीपासून १५ दिवसांत आणि कंपनीचा निर्णय त्यानंतर ७ दिवसांत यायला हवा. माझा पहिला रिपोर्टच २४ दिवसांनी आला. उशिराच्या दिवसांचं बँक दरापेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज मी मार्चमध्ये लेखी मागितलं आहे. एक स्मरणपत्रही गेलं. उत्तर आलं की आकड्यासकट इथे जोडीन.