‘ॲल्युमिनियम-फ्री’ म्हणून विकलेला खडा तुरटीचा निघाला

प्रदर्शनांमधून ‘नैसर्गिक स्फटिक डिओ’ म्हणून गुळगुळीत घासलेला, काचेसारखा खडा विकतात. घेणार असाल तर आधी हे वाचा. मी साडेचारशे रुपयांना घेतला, तोही आजारी माणसासाठी.

माझ्या वन्संचं डायलिसिस चालू आहे. किडनी काम करत नसली की शरीरात गेलेलं ॲल्युमिनियम नीट बाहेर पडत नाही, साठत जातं. म्हणून डॉक्टरांनी त्यांची ॲसिडिटीची काही औषधंसुद्धा बंद केली आहेत. घामाच्या वासासाठी नेहमीचं रोल-ऑन नको होतं. स्टॉलवरच्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. ‘ताई, शंभर टक्के ॲल्युमिनियम-फ्री आहे, बिनधास्त द्या,’ असं त्या म्हणाल्या.

घरी सासूबाईंनी खडा जिभेला लावला. ‘अगं, ही तर तुरटी!’

खात्रीसाठी तुकडा तव्यावर टाकला. वितळला, फसफसला आणि फुगून पांढरी लाही झाली. पोटॅश तुरटीच्या वजनात ४५ टक्के पाणीच असतं, ते असं उडून जातं. तोंड आलं की मधातून लावायला आमच्याकडे हीच लाही करायचे. वाण्याकडे पाव किलो तुरटी चाळीस-पन्नास रुपयांत मिळते, पण पैशांचं दुःख नाही मला. पोटॅश तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. शंभर ग्रॅम तुरटीत साडेपाच ग्रॅमहून जास्त ॲल्युमिनियम असतं!

फोन केला तर उत्तर आलं, ‘आमच्यात क्लोरोहायड्रेट नसतं.’ बरोबर, ते म्हणजे घाम रोखणारं ॲल्युमिनियमचं दुसरं संयुग, ते रोल-ऑनमध्ये असतं. पण ते नाही म्हणजे ॲल्युमिनियमच नाही, असं कसं होईल? धडधाकट त्वचेतून ते फारच थोडं आत जातं, हे मान्य. अमेरिकेत मात्र घाम रोखणाऱ्या रोल-ऑनवर किडनीच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावं, असं छापावं लागतं. आमच्याकडून तो विचारण्याचा हक्कच काढून घेतला.

तुरटीशी माझं भांडण नाही. दाढी करताना कापलं तर ती रक्त थांबवते, वास करणाऱ्या जंतूंना आवरते. पण तिचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं. त्याच स्टॉलवरून माझ्या भाचीने ‘काख उजळवणारी’ पूड घेतली होती. तीही तुरटीच, लिंबाच्या रसात कालवून लावायला सांगितलेली. वॅक्सिंगनंतर लावली आणि पोरीची कातडी भाजल्यासारखी सोलली. त्वचेचा रंग उजळवण्याचा गुण तुरटीत नाही, आणि सोललेल्या जागी उलट काळे डाग राहू शकतात.

दोन्ही डब्यांवर ना उत्पादकाचा पत्ता, ना परवाना क्रमांक, ना घटकांची यादी. सौंदर्यप्रसाधनावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. घटकांत ‘पोटॅशियम ॲलम’ किंवा ‘अमोनियम ॲलम’ दिसलं तर ती तुरटी समजा, डब्याच्या पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे आणि अन्न व औषध प्रशासनाकडेही अर्ज दिला आहे. स्टॉलवाल्यांचा फोन आता बंद लागतो. तुमच्याकडे असा खडा किंवा पूड असेल तर डबा आणि पावती टाकू नका, आणि घरात किडनीचा रुग्ण असेल तर वापर आजच थांबवून डॉक्टरांना दाखवा.