दोन शोषखड्ड्यांचं शौचालय: आराखडा उत्तम, घोळ बांधकामात

गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानापासून २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानापर्यंत गावोगावी शौचालयं झाली. १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान आलं, हागणदारीमुक्तीचे फलकही लागले. पण या सगळ्यातली टिकाऊ गोष्ट शौचालयाची खोली नाही, तर तिच्यामागचा दुसरा खड्डा. मैला हातानं उपसायची वेळ कुणावरच येऊ नये, हे काम तो करतो.

खड्डे गोल, १ मीटर व्यासाचे. आत मैला साठायला १ मीटर खोली, वर ३० सेंटीमीटर मोकळे. दोघांत किमान १ मीटर अंतर. विटांचं बांधकाम जाळीदार, तळ मातीचाच. भांडं जास्त उताराचं आणि कोंबड्यात (भांड्याखालच्या वाकड्या नळीत) २० मिलिमीटर पाणी, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. वाय आकाराच्या चेंबरमधून दोन्ही खड्ड्यांकडे तोंडं जातात, त्यातलं एक बंद ठेवायचं, म्हणजे एका वेळी एकच खड्डा भरतो. पाच-सहा माणसांच्या घरात खड्डा भरायला काही वर्षं लागतात. भरला की तोंड बदलायचं आणि तो किमान दीड वर्ष उघडायचा नाही. मग निघतं ते कोरडं, वास नसलेलं सोनखत.

घोळ गवंडीकामात होतो. दोन्ही तोंडं उघडी ठेवली की दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि सगळा हेतूच संपतो. ‘मजबुतीसाठी’ आतून गिलावा केला की पाणी मुरत नाही. मोरीचं पाणी सोडलं तरी तेच. गॅसपाइप तर नकोच, गॅस मातीत जिरतो. दहा फूट खोल खड्डा म्हणजे मैला भूजलाच्या जवळ नेणं. विहीर १० मीटर तरी लांब हवी. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, तिथे खड्ड्याभोवती ३० सेंटीमीटर वाळू किंवा विटांचे तुकडे भरावे लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात सहसा धरलेला नसतो.

ऐपत असलेली घरं सेप्टिक टँककडे वळतात. ‘मोठी टाकी, वर्षानुवर्षं कटकट नाही’ हा हिशेब फसवा आहे. टाकीतून निघणाऱ्या पाण्याला वेगळा शोषखड्डा लागतो. तो नसला की ते सरळ गटारात जातं, आणि गाळ उपसायला शेवटी कुणालातरी बोलवावंच लागतं. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं बंद आहे, तरी माणसं टाकीत गुदमरून मरतात.

ताबा घेताना चेंबरचं झाकण उचलायला लावा. एक तोंड बंद दिसलं नाही, तर शेवटचा हप्ता देऊ नका.