वायर सोडावी का?

लोकलच्या गर्दीत वायर कुणाच्या तरी बॅगेच्या बंदात अडकते आणि इअरफोन कानातून ओढला जातो. रोज असा प्रवास असेल तर खुशाल वायरलेस घ्या. शिवाय २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून ३.५ मिमीचा जॅक काढला, मग इतरांनीही. आता बऱ्याच फोनना टाइप-सीवाला इअरफोन नाहीतर ॲडॉप्टर लागतो.

आवाजात मात्र तेवढ्याच पैशांत वायरवाला सरस, कारण त्यात बॅटरी नि ब्लूटूथ चिपचा खर्च नसतो. ब्लूटूथवर आवाजाचा डेटा दाबून लहान करून पाठवला जातो आणि आवाज किंचित उशिरा पोचतो. व्हिडिओत ॲप बहुतेकदा हा उशीर जुळवून घेतं. गेममध्ये गोळी आधी सुटते, आवाज मागून येतो. कानात ट्रॅक लावून गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी तर वायरच वापरावी.

मला खरी खटकते ती बॅटरी. इवलीशी लिथियम-आयन, दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि बहुतेक बड्समध्ये बदलताही येत नाही. चांगले चालणारे स्पीकर त्यामुळे कचऱ्यात जातात. वायर जॅकपाशी तुटली तर निदान नवा जॅक डाग देऊन बसवता येतो. घरी टेबलाशी बसून ऐकणाऱ्याने उगाच बदलू नये.