लाइमची दोन टप्प्यांची रक्ततपासणी: चाचणी चांगली, रिपोर्ट गोंधळाचा

लाइम हा आजार होतो गोचीड चावून अंगात शिरलेल्या बोरेलिया या जिवाणूमुळे. तो रक्तात क्वचितच हाती लागतो, म्हणून ही तपासणी त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते. अमेरिकेत १९९५ पासून सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची पद्धत अशी: आधी एलायझा, म्हणजे अँटीबॉडी आहेत का एवढंच पाहणारी चाचणी, आणि ती पॉझिटिव्ह किंवा सीमारेषेवर आली तरच वेस्टर्न ब्लॉट. त्यात जिवाणूच्या कोणकोणत्या प्रथिनांविरुद्ध अँटीबॉडी आहेत ते वेगवेगळ्या पट्ट्यांनी दिसतं. २०१९ पासून ब्लॉटच्या जागी वेगळ्या प्रकारची दुसरी एलायझाही चालते.

पहिल्या टप्प्याची चाळणी मुद्दाम मोठ्या भोकांची ठेवलेली आहे. खरा रुग्ण सुटू नये म्हणून. पण त्यामुळे सिफिलिस, ल्युपस किंवा एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग असलेलेही त्यात पॉझिटिव्ह येतात. नुसती एलायझा पॉझिटिव्ह म्हणजे लाइम नव्हे.

खरी गडबड ब्लॉटच्या पानावर होते. तिथे पट्ट्यांचे आकडे एकाखाली एक छापलेले असतात आणि काहींपुढे ठळक अक्षरांत ‘रिॲक्टिव्ह’. निष्कर्ष मात्र तळाशी, बारीक अक्षरांत: ‘आयजीजी निगेटिव्ह’. (आयजीएम म्हणजे आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडी, आयजीजी म्हणजे नंतर येऊन टिकणाऱ्या.) रुग्णाला तीन ठळक शब्द दिसतात आणि डॉक्टर काही नाही म्हणाले की संशय येतो. नियम असा आहे की आयजीएममध्ये ३ पैकी निदान २ पट्ट्या हव्यात, आयजीजीमध्ये १० पैकी निदान ५. त्यातली ४१ क्रमांकाची पट्टी जिवाणूच्या शेपटीतल्या प्रथिनाची. तशी शेपटी इतर अनेक जिवाणूंनाही असते, त्यामुळे ती पट्टी धडधाकट माणसांतही सर्रास उमटते. एकट्या ४१ वर झोप उडवून घेऊ नका.

आयजीएमचा निकाल आजाराच्या पहिल्या ३० दिवसांपुरताच धरायचा. त्रास चार महिन्यांचा आणि पॉझिटिव्ह फक्त आयजीएम, तर तो बहुधा खोटा. खरा लाइम असता तर एव्हाना आयजीजी उमटला असता. उलट आयजीजी एकदा आला की उपचारानंतरही वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून औषधांचा कोर्स संपल्यावर ‘बरं झालं का’ हे बघायला पुन्हा रक्त देणं व्यर्थ, आणि ‘अजून पॉझिटिव्ह आहे’ एवढ्यावरून दुसरा कोर्स लिहून देणाऱ्या डॉक्टरांना कारण जरूर विचारा.

डॉक्टरांवर शंका घ्यायची ती नेमक्या जागी. गोचीड असलेल्या भागात कधी गेला होता, चट्टा उठला होता का, त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, हे विचारून आणि पट्ट्या मोजून ते ‘लाइम नाही’ म्हणत असतील, तर त्यांचं मत कागदापेक्षा वजनदार आहे. पण गुडघा सुजलाय, आयजीजीच्या पाच पट्ट्या आहेत आणि तरी रिपोर्टवर नुसती नजर टाकून सोडून दिलं, तर संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञाकडे जाच. जाताना पट्ट्यांच्या यादीसकट पूर्ण रिपोर्ट न्या आणि चावा, चट्टा, पहिलं लक्षण, रक्त दिल्याचा दिवस अशा चार तारखा लिहून ठेवा.

चट्ट्याच्या बाबतीत ही तपासणी सपशेल कमी पडते. चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत ५ सेंमीपेक्षा मोठा, पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर रक्त बऱ्याचदा निगेटिव्हच येतं, कारण अँटीबॉडी अजून तयार व्हायच्या असतात. तिथे चट्टा पाहूनच डॉक्सीसायक्लिन सुरू करणारे डॉक्टर बरोबर असतात, ‘रिपोर्ट निगेटिव्ह, औषध नको’ म्हणणारे नव्हेत. चट्ट्याशेजारी मोजपट्टी धरून रोज फोटो काढा.

लघवीतून लाइम शोधणाऱ्या किंवा रक्तातल्या सीडी५७ या प्रकारच्या पांढऱ्या पेशी मोजणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नका. निदानासाठी त्या ग्राह्य धरत नाहीत. चट्टा नाही, पण शंका रास्त आहे आणि रक्त फार लवकर दिलं गेलंय, असं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये.