मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र : तीन महिन्यांच्या वापरानंतर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाजवळ ख्रिस्ती उज्जीवन सभा भरली, तेव्हा मंडपाच्या दाराशी मांडलेल्या पुस्तकांच्या टेबलावरून मी मोठ्या अक्षरांतील मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, 700 रुपयांना घेतले. त्याच आठवड्यात कापसाचा चुकारा हाती आला होता आणि घरात भिंतीवर लावायच्या टीव्हीचा विषय चालू होता, त्यामुळे या खरेदीवर मुलाने नाक मुरडले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला बारीक छपाई वाचवत नाही, हे माझे कारण त्याला पटले नाही. आता तीन महिने रोज संध्याकाळी हा ग्रंथ उघडल्यावर त्याचे गुणदोष लिहिण्याइतका अनुभव जमा झाला आहे.

अक्षरे खरोखरच मोठी आहेत. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी पान उघडून "बाप्पा, किती मोठे अक्षरं हायेत!" असा शेरा दिला. मात्र सहासष्ट पुस्तके एवढ्या मोठ्या ठशात एका बांधणीत बसवायची म्हणजे कागद पातळ वापरावा लागतो, आणि मागच्या पानाची शाई पुढे दिसते. वजनामुळे ग्रंथ मांडीवर ठरत नाही. आम्ही तो पाटावर ठेवतो. सर्वांत मोठी अडचण निराळी आहे. येशूचे शब्द लाल शाईत छापले आहेत, आणि वीज गेल्यावर चार्जिंगच्या दिव्याखाली काळी अक्षरे वाचता येतात पण लाल पुसट होतात, म्हणजे ज्यासाठी आई ग्रंथ उघडते तेच तिला दिसत नाही. छापणाऱ्यांनी गावातल्या दिव्याखाली एकदा तरी वाचून पाहायला हवे होते.

भाषा जुन्या वळणाची आहे आणि मला ती आवडते. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग खाऊन नाश करतात, या वचनातील 'कसर' म्हणजे कमतरता असे माझ्या मुलाला वाटले. आईने मात्र लग्नातल्या लुगड्याची ट्रंक आठवून कपडे खाणारा किडा कसा असतो ते सांगितले. शास्त्राची मराठी साध्या माणसाला कळावी, ही धडपड जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले, आणि 1922 मध्ये त्यांच्या निधनानंतर ते 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. छपाईचे खिळे जुळवण्याचे काम रमाबाईंनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच केले होते.

नव्या वाचकाने पहिल्या पुस्तकापासून, म्हणजे उत्पत्तीपासून, सुरुवात करून नियमांनी भरलेल्या लेवीयपाशी थकण्यापेक्षा मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आधी काढावा, जिथे येशूचे डोंगरावरील प्रवचन सुरू होते, असे मी सुचवीन. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग, दिला. सुरुवातीला त्यांचे मन रमले नाही, पण डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले, आणि 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याच प्रवचनात 'रोजची भाकर' मागायला शिकवले आहे. मागणी एका दिवसाची आहे, कणगी भरून देण्याची नाही, आणि ज्या घरात वर्षभराचे एकदाच पिकते तिथे ही प्रार्थना म्हणायला जरा जड जाते, हे मी प्रामाणिकपणे लिहितो.

सोयाबीनची पोती पुढच्या खोलीत रचलेली असताना एके रात्री लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातील धनवान शेतकऱ्याची गोष्ट निघाली. त्याची जमीन भरपूर पिकते, धान्य ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधावी आणि मग वर्षानुवर्षे खावे, प्यावे, असे तो ठरवतो. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. माझे पीक, माझी कोठारे, माझा माल असे तो स्वतःशीच बोलतो, दुसरे माणूस त्याच्या बोलण्यात येतच नाही. आईने वाचन थांबवून विचारले, "एवढं पिकलं तं मजुरायले काय देल्लं त्यानं?" ग्रंथात याचे उत्तर नाही. आमच्या घरात मात्र होते, कारण शेवटच्या वेचणीतल्या दोन बायांची मजुरी मी 'टीव्हीचे झाल्यावर' म्हणून मागे ठेवली होती. सकाळी ती देऊन आलो.

बांधणीबद्दल तक्रार आहे. दुसऱ्याच महिन्यात मत्तयाच्या पानांची शिवण सुटली, आणि विक्रेत्याला फोन केला तर पुढच्या वर्षीच्या सभेत बदलून देऊ, असे उत्तर मिळाले. मी फेव्हिकॉल लावून रात्रभर वर पाटा ठेवला. पाने धरली आहेत, फक्त सहावा अध्याय थोडा तिरका चिकटला. घेणाऱ्याने टेबलावरच ग्रंथ मधोमध उघडून शिवण तपासावी आणि लाल शाई नसलेली प्रत मिळत असेल तर तीच मागावी. किंमत मला जास्त वाटली नाही. टीव्हीचे अजून ठरलेले नाही; आई म्हणते घ्यायचा तर घ्या, पण शास्त्रवाचनाच्या वेळी त्याचा आवाज नको.