चॅटबॉटमधले जोतीराव: काही महिन्यांच्या वापरानंतर

'तू जोतीराव फुले आहेस, माझ्याशी बोल' एवढंच सांगून चॅटबॉट सुरू केला, तर बोलतो तो जयंतीच्या भाषणातला माणूस. कोणावरच न चिडणारा सूर, 'सर्वसमावेशक'सारखे आजचे शब्द, मध्येच बाबासाहेबांचं 'शिका, संघटित व्हा'. जोतीरावांचे नेहमीचे शब्द, 'निर्मिक' (सृष्टीचा निर्माता) नाही, 'शूद्रादि अतिशूद्र' नाही. 'शेतकऱ्याचा असूड' वाचलेल्याला हे लगेच खटकतं. 'विद्येविना मति गेली' या ओळी असूडाच्या उपोद्घातातल्या, पण चॅटबॉट त्या खुशाल 'गुलामगिरी'च्या नावावर खपवतो.

उपाय एकच: मूळ मजकूर द्यायचा, तोही एका वेळी एकच प्रकरण. जुन्या फॉन्टमधली पीडीएफ चिकटवली तर अगम्य अक्षरं उमटतात, म्हणून युनिकोड मजकूरच हवा. स्कॅनवरून काढलेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. 'करितां', 'त्यांचें' यांतले जुने अनुस्वार हमखास गळतात. शिवाय चॅटबॉट स्वतःही न सांगता भाषा आजची करतो, मग ते वाक्य पुस्तकात शोधून सापडत नाही.

सोबत ही सूचना द्यावी: 'फक्त दिलेल्या मजकुरावरून बोल. १८९० नंतरचं काही नको. वाक्य उद्धृत करशील तर जसंच्या तसं. नसेल तर मजकुरात नाही म्हण.' गप्पा लांबल्या की ही सूचना मागे पडते आणि भाषणातला माणूस परत येतो. दहा-पंधरा प्रश्नांनंतर नवीन चॅट उघडून मजकूर पुन्हा दिलेला बरा.

हो ला हो करण्याची खोड मात्र सूचनेनेही पुरती जात नाही. 'तुम्ही इंग्रजांचे समर्थक होतात ना?' आणि 'तुम्ही इंग्रजांचे विरोधक होतात ना?' हे प्रश्न दोन वेगळ्या चॅटमध्ये विचारून पाहा, दोन्हींकडे होकार मिळू शकतो. असूडात तर दोन्ही आहे: इंग्रजी राज्याकडून अपेक्षा, आणि भट कामगारांवर (म्हणजे ब्राह्मण सरकारी नोकरांवर) विसंबून राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर कोरडे. हंटर आयोगापुढचं (इंग्रज सरकारचा शिक्षण आयोग) जोतीरावांचं १८८२ चं निवेदन इंग्रजीत आहे, तेव्हा त्यातलं म्हणून जे मराठी वाक्य मिळेल ते भाषांतर समजावं.

सगळ्यात उपयोगी पडते ती उलटी मांडणी. 'गुलामगिरी' (१८७३) हा जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवादच आहे. चॅटबॉटला धोंडीबा करावं, सोळांपैकी एक भाग द्यावा, प्रश्न त्याने विचारावेत आणि उत्तरं आपण पुस्तक उघडून द्यावीत. 'माझं उत्तर मजकुराशी जुळत नसेल तिथे अडव' हेही सांगून ठेवावं.