आयआरएसचं करमुक्त संस्था शोध-साधन: फुकट, पण अर्धवट

अमेरिकेतली व्यावसायिक मानकं ठरवणारी संस्था करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमातली (धर्मादाय, शैक्षणिक वगैरे) आहे की ५०१(सी)(६)मधली (व्यावसायिक संघटना), हे पाहायला आयआरएसचं, म्हणजे तिथल्या करखात्याचं, ‘टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च’ बरं. नावापेक्षा नऊ अंकी ईआयएन (संस्थेचा करओळख क्रमांक) टाका. नावाचं स्पेलिंग जरा चुकलं की निकाल शून्य.

मुख्य फसगत या साधनातल्या ‘पब्लिकेशन ७८’ नावाच्या यादीत. तिथे फक्त वजावटपात्र (देणाऱ्याला करात वजावट मिळवून देणाऱ्या) देणग्या घेऊ शकणाऱ्या संस्था असतात. एआयसीपीएसारखी (अमेरिकी सनदी लेखापालांची संघटना) (६)मधली संस्था त्यात दिसत नाही, पण म्हणून ती करपात्र ठरते असं नाही! अशा वेळी फॉर्म ९९० (संस्थेचं वार्षिक विवरण) उघडून पहिल्या पानावरचा रकाना ‘आय’ बघा. करमुक्तीची मान्यतापत्रं मात्र इथे जानेवारी २०१४पासूनचीच मिळतात. सलग तीन वर्षं विवरण न भरल्यास मान्यता आपोआप जाते. अशी मान्यता गेलेल्या संस्थांची यादीही तपासा.